तिळाएवढी खाच

इओरीनं कात्री फडक्यावर आणून ठेवली
आणि म्हणाला, "आपोआप झालं."

जानेवारी. किनाशीत घरांच्या मधल्या पट्ट्यांत
पाइनची शेतं रांगेनं उभी,
सेतोच्या समुद्राकडून वारा,
माझ्या बोटांच्या पेरांना भेगा,
आणि एकोणीस वर्षांचा हा मुलगा मला सांगतोय
की पोलाद आपोआप तुटतं.

मी चष्मा कपाळावरून खाली ओढला.
पात्याच्या ओठावर तिळाएवढी खाच,
आणि खाचेच्या तळाशी, नीट पाहिलं तर,
लालसर चमक.
तांबं.
ही फांदीची कात्री. तारेची वेगळी असते,
जाड ओठांची, पलीकडच्या भिंतीवर टांगलेली.
चार पावलं वाचवली त्यानं.

मी काही बोलले नाही.
माझ्या जिभेला धार आहे म्हणतात गावात.
ती मी रोज वापरत नाही.

दगड बादलीत सोडला.
बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं,
तहान भागल्याशिवाय दगड कामाला लागत नाही.
मी उदोनच्या दुकानात वाढले, बापाचे सुरे घासत.
लग्न होऊन इथं आले तेव्हा पाइनमधलं ओ की ठो कळत नव्हतं,
अजूनही फार कळत नाही.
पण सुरा सरळ असतो. ही आतून पोकळ,
पिल्लानं चोच वासावी तशी.
फांदी तोडते आणि खोडावर इवलासा खळगा सोडते,
मागाहून साल सावकाश त्यावर सरकत येते,
टेंगूळ राहत नाही.
हिला आतून दगड लावायचा नसतो. बाहेरूनच,
वळणाच्या कलानं घेत.
आतून घासली की दोन ओठ पुन्हा मिटत नाहीत.

"खाचेपुरतंच घासा ना," इओरी म्हणाला.

खाचेपुरतं असं काही नसतं.
एका तिळासाठी अख्खी धार
तिळाएवढी मागे न्यावी लागते.

तीन संध्याकाळी गेल्या.
तो पाणी शिंपत बसला, मी घासत.
दगडावर राखाडी लगदा जमला,
सहाणेवर गंध उतरावं तसा.
तो धुऊन टाकायला निघाला, मी मनगट धरलं.
घाण नाही ती. तिच्यानंच धार येते.

दुसऱ्या संध्याकाळी विचारलं त्यानं, किती जुनी ही?
सान्जोच्या लोहाराची.
त्याची भट्टी विझून नऊ वर्षं झाली,
मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो.
माझ्या नवऱ्यानं घेतली तेव्हा पाती पेरभर होती,
आता बघ, करंगळीच्या नखाएवढी.
लोक येतात, फोटो काढतात,
झाड किती लहान ठेवलंय म्हणतात.
दाराजवळचा तो काळा पाइन, एकशे चाळीस वर्षांचा,
माझ्या डोळ्यांदेखत त्यानं तीन कात्र्या खाल्ल्या.
ही चौथी.

तिसऱ्या दिवशी खाच गेली आणि पाती मिटेनात.
दिव्यासमोर धरली,
दोन ओठांमध्ये केसभर उजेड.
इओरीचा चेहरा कणीक भिजवून ठेवावी तसा.
मी मुठींच्या मधला अडसर कानशीनं घासला,
दोन फेऱ्या, मिटवून पाहिली,
आणखी अर्धी.
उजेड गेला.
वर्तमानपत्राची कड कापली, न फाडता,
आवाजसुद्धा नाही.

सांध्यात कामेलियाच्या तेलाचे दोन थेंब,
पात्यावर एक, फडक्यानं पुसून इतकाच राहू द्यायचा
की बोटाला कळेल, डोळ्याला नाही.

तेव्हा तो म्हणाला, बादलीकडे बघत,
"तांब्याची तार होती."

"पाणी फेकून दे," मी म्हणाले,
"आणि दगड सावलीत ठेव. उन्हात तडकतो."

तो गेल्यावर मी हातोडी शोधली.
बाकाच्या उजवीकडे, बसल्या जागेवरून हात पोचेल असा
एक खिळा ठोकला,
आणि तारेची कात्री
पलीकडच्या भिंतीवरून काढून त्याला लावली.
पस्तीस वर्षं ती तिकडे होती.
नवरा उंच होता, त्याला दोनच पावलं लागायची.